आत्याचा चहाडखोर

हॉस्पिटलात माझ्या आत्याला पाठीमागे सगळे 'खिळा' म्हणत. तोंडावर मॅडम, वळली की खिळा. एकदा ठोकला की निघत नाही आणि ओढून काढलाच तर भिंतीचा पोपडा घेऊन येतो, हा खुलासा तिनेच मला केला होता. करताना तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलीसारखं काहीतरी होतं.

दिसायला ती खिळ्यासारखी मुळीच नाही. ठेंगणी, गोलसर, चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा घरभर शोधणारी. पर्समध्ये कंगवा नसेल, पण स्क्रूड्रायव्हर असणारच. पुढच्या शिक्षणासाठी मी तिच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला निघाले तेव्हा बाबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिला सांभाळ. आणि तू सांभाळतेयस हे तिला कळू देऊ नकोस." आत्याने दार उघडताच विचारलं, "दादाने मला सांभाळायला सांगितलंय ना? सांभाळ मग. आधी चहा टाक."

तिची कामाची जागा हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीच्या शेजारी. एका बाजूने चादरींची वाफ, दुसऱ्या बाजूने सर्व्हरच्या खोलीतला गारठा, मध्ये तिचं टेबल. माझा उजवा खांदा बारा महिने उन्हाळ्यात असतो आणि डावा हिवाळ्यात, असं ती म्हणायची. वरच्या मजल्यांवर जे घडे ते शेवटी तिच्याकडे उतरे. कुणाचं रक्त, कुणाचा एक्स-रे, कुणाची औषधं, कुणाच्या बाळाचं वजन. माणसं वर आणि त्यांची माहिती खाली. ही माहिती ज्यात साठवतात ते डेटाबेस नीट चालू ठेवणं, हे आत्याचं काम. वरच्या माणसांना ती कुठे बसते हे काही बंद पडल्याशिवाय आठवत नसे.

मी येण्याच्या आदल्या वर्षी ती आजारी पडली. आधी झोप गेली, मग भूक, मग सकाळी उठून दात घासण्याचं कारण. एक दिवस ती टेबलावरून उठली, तशीच तिसऱ्या मजल्यावर गेली आणि मानसोपचाराच्या खिडकीपाशी म्हणाली, "मला भरती करून घ्या." खिडकीवरच्या मुलीला वाटलं, मॅडम संगणक दुरुस्त करायला आल्यात.

ती बरी झाली. गोळ्या चालू राहिल्या, आणि महिन्याकाठी डॉक्टरांची एक भेट. त्या भेटीला ती मागच्या जिन्याने जायची. त्या जिन्यावर मळक्या चादरींच्या गाड्यांशिवाय कुणी भेटत नाही.

कामावर परतल्याच्या पहिल्याच दिवशी औषधखिडकीवरचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "आता लागते ना झोप?" झोपेचं तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पुढे कँटीनमध्ये कुणीतरी तिच्या गोळीचं नाव अगदी शुद्ध उच्चारलं; ते नाव तिला स्वतःला अजून धड म्हणता येत नव्हतं. हे सगळं जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. तिच्या फाइलमध्ये, तिनेच राखलेल्या यंत्रात.

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून," ती मला म्हणाली. "आता तर वाकायलाही लागत नाही. बसल्या जागी बोट दाबलं की झालं."

पण खरी इजा त्यानंतर सुरू झाली. आत्या मुळात हरकतीची बाई. केबल चुकीची टाकली, हरकत. पंख्याखाली सर्व्हर ठेवला, हरकत. पूर्वी लोक चिडायचे, भांडायचे, आणि शेवटी ऐकायचे. आता ते हसायला लागले. तिने "नाही" म्हटलं की समोरचा मान तिरकी करून हळूच विचारी, "गोळी घेतली का, मॅडम?" आणि विषय तिथेच संपे. तिच्या प्रत्येक नकाराला आता एक औषध होतं. सहा महिने तिने ते ऐकून घेतलं. घरी येऊन बूट काढायची आणि एकाच बुटाकडे बघत बसायची.

मग वरून फर्मान आलं की तपासणीची मंडळी येणार आहेत. रुग्णाची माहिती कोणी, कधी, कुठल्या संगणकावरून उघडली, कोणी बदलली, याची आपोआप नोंद करणारं सॉफ्टवेअर हॉस्पिटलभर बसलेलं असलं पाहिजे. काम अर्थातच तळघरात उतरलं.

त्या संध्याकाळी आत्याने दोन्ही बूट एका झटक्यात काढले.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा एक माणूस मदतीला आला होता. घामट, सज्जन, प्रत्येक वाक्याआधी "सॉरी" म्हणणारा. प्रत्येक सर्व्हरवर एक लहानसा प्रोग्रॅम बसवायचा. तो गुपचूप बसून राहतो, कोण आलं, काय उघडलं, हे पाहतो आणि मधल्या एका यंत्राला कळवतो. कंपनीचा माणूस त्याला एजंट म्हणे. आत्याने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. "चहाडखोर. याला मारामारी येत नाही, अडवता येत नाही. फक्त चहाड्या करता येतात. पण खऱ्या."

त्यांनी आधी एका रिकाम्या, सरावाच्या सर्व्हरवर तो बसवला. मग औषधांचा, मग प्रयोगशाळेचा, एक्स-रेचा, वॉर्डांचा. ऐकायला सरळ वाटतं. प्रयोगशाळेचं यंत्र इतकं जुनं होतं की चहाडखोर बसताच त्याला धाप लागली आणि रक्ताचे रिपोर्ट अडकले. प्रयोगशाळेचे प्रमुख तळघरात धावत आले. आत्याने तिथला चहाडखोर काढला, त्याला कशाकशाच्या चहाड्या करायच्या ते कमी करून दिलं आणि परत बसवला. एक्स-रे विभागात तर तो बसला, पण मधल्या यंत्राकडे एक अक्षर येईना. कंपनीचा माणूस दोन दिवस "सॉरी" म्हणत राहिला. शेवटी आत्यानेच शोधलं की दोन इमारतींच्या मधल्या नेटवर्कच्या भिंतीत त्याच्यासाठी दारच उघडलेलं नव्हतं. बिचारा आत बसून बोंबलत होता आणि बाहेर कुणाला ऐकू येत नव्हतं.

"ओळखीचं दुखणं आहे," आत्या म्हणाली, आणि दार उघडून दिलं.

वॉर्डांच्या सर्व्हरवर तो बसला, आणि मग मात्र गंमत झाली.

मधल्या यंत्राच्या पडद्यावर ओळी पडू लागल्या. बालविभागात थोरल्या सिस्टरने फाइल उघडली. त्याच क्षणी अपघात विभागात थोरल्या सिस्टरने उघडली. शस्त्रक्रियेच्या मजल्यावर थोरली सिस्टर. प्रसूतीला थोरली सिस्टर. अगदी औषधखिडकीवरही थोरली सिस्टर.

कंपनीचा माणूस डोळे चोळत म्हणाला, "सॉरी मॅडम, पण या बाई इतक्या ठिकाणी एकदम कशा?"

"आणि त्यातून निवृत्त," आत्या म्हणाली. "घरी गुडघ्याला तेल चोळत बसल्या असतील."

झालं होतं असं. हॉस्पिटलात संगणक नवे आले तेव्हा त्यांना हात लावायचं धाडस फक्त थोरल्या सिस्टरने केलं. त्यांच्या नावाने पहिलं लॉगिन उघडलं. नव्या नर्सना त्यांनी शिकवलं आणि शिकवताना आपलंच लॉगिन वापरायला दिलं. पासवर्ड त्यांच्या मांजराचं नाव. मांजर गेलं, सिस्टर निवृत्त झाल्या, पण नवी मुलगी वॉर्डात आली की तिला पहिला धडा मिळे, "थोरल्या सिस्टरच्या नावाने जा, पटकन उघडतं." कीबोर्डाच्या उलट्या बाजूला मांजराचं नाव चिकटवलेलं असे. हे कुणी लबाडीने केलं नव्हतं. रुग्णाला धाप लागलेली असताना आपला पासवर्ड आठवत बसायचा कुणी? पण आता चहाडखोर इमाने इतबारे सांगत होता की अख्खं हॉस्पिटल एक निवृत्त बाई एकटी चालवते.

म्हणजे सगळ्यांना आपापलं नाव वापरायला लावणं आलं. मेट्रनने नर्सना त्यांच्या खोलीत जमवलं. मेट्रन म्हणजे नर्सची मुख्य. उंच, रुक्ष, आणि आत्याची त्या इमारतीतली एकुलती एक मैत्रीण. खोलीत कुणी खुर्ची दिली नाही, म्हणून आत्या उभीच राहिली.

"बोला मॅडम," मागून एकजण म्हणाली. "कुणाला पकडायचंय?"

"पकडायचं नाही कुणाला."

"तर! चोर सोडून संन्याशाला सुळी. तुमची फाइल बघितली दहा जणांनी, आणि आता आम्ही दिवसभर बोटं मोजून टाइप करायचं."

तिची फाइल, हे शब्द आजवर तिच्यासमोर कुणी मोठ्याने उच्चारले नव्हते.

"बघितली ना," आत्या म्हणाली. "बरं झालं कुणीतरी बोललं. आता नीट ऐका. हा चहाडखोर बसला त्या दिवसापासून पुढचं सांगतो. मागचं त्याला काहीच माहीत नाही. माझी फाइल कुणी बघितली ते मला कधीच कळणार नाही. मी इथे उभी राहून तुमची तोंडं बघितली तरी कळणार नाही, आणि मी बघतही नाहीये."

"पण सगळा कारभार तुमच्याच हातात ना? तुमचं नाव पडलं तर तुम्ही खोडाल."

"म्हणून तर खोडायची किल्ली मी माझ्याकडे ठेवली नाही. ती मेट्रनकडे आहे. माझं स्वतःचं लॉगिन सगळ्यांत आधी नोंदीखाली घातलंय. मी शिंकले तरी ओळ पडते."

तेवढ्यात दारात काठी वाजली. थोरल्या सिस्टर गुडघे दाखवायला आल्या होत्या. मेट्रननेच त्यांना वर आणलं होतं. त्यांना खुर्ची लगेच मिळाली. त्यांनी सगळ्यांकडे एकदा चष्म्यावरून पाहिलं.

"काय गं, मी म्हणे अजून ड्युटीवर आहे? तेही पाच वॉर्डांत?"

पोरी खाली बघून हसायला लागल्या.

"हसू नका. उद्या कुणाला चुकीचं इंजेक्शन गेलं तर पोलीस माझ्या दाराशी येतील. मी काय सांगू, मांजराला विचारा? मेलं बिचारं." मग त्यांचा आवाज उतरला. "मला आता खरंच निवृत्त करा गं. माझं नाव मला परत द्या."

नर्सनी अट एवढीच घातली की पासवर्ड नको, हजेरीचं कार्ड टेकवलं की उघडलं पाहिजे. आत्याने ते करून दिलं. कीबोर्ड उलटे करून तिने आणि मेट्रनने मांजराचं नाव वॉर्डावॉर्डांतून खरवडून काढलं. स्क्रूड्रायव्हर कामी आला.

खालच्यांचा प्रश्न सुटला. वरच्यांचा आता सुरू झाला.

हॉस्पिटलच्या प्रशासकांना सगळे साहेब म्हणत. ते कधी ओरडत नसत. ते समजुतीने बोलत, आणि त्यांच्या समजुतीची लोकांना जास्त भीती वाटे. त्यांनी आत्याला वर बोलावलं, बसायला सांगितलं, पाणी मागवलं.

"मॅडम, काम छान चाललंय. फक्त काही यंत्रं वगळा. माझी खोली, विश्वस्तांची बैठकीची खोली, आणि आपले दोन मोठे सर्जन."

"का?"

"अहो, आम्हाला बघावं लागतं. कुणी मोठा माणूस भरती असतो, कुणाचे नातेवाईक विचारतात..."

"बघा ना साहेब. बघायला बंदी कुठे आहे? फक्त नाव पडेल."

"तेच तर. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"ज्याची मूठ त्याने झाकावी. माझी तर सगळ्यांनी उघडून बघितली. माझी परवानगी कोणी विचारली?"

साहेब मागे रेलले. त्यांची मान तशीच तिरकी झाली. आत्याला ती दुरूनही ओळखता यायची.

"मॅडम, तुमच्यावर ताण आलाय. मला दिसतोय. तुम्ही दोन आठवडे घरी विश्रांती घ्या. मी तुमच्या डॉक्टरांशी बोलतो."

"गोळी घेतली का, असंच विचारा ना सरळ," आत्या म्हणाली. "घेतली. सकाळी, नाश्त्यानंतर. वगळणार नाही."

रजेचा आदेश दुपारपर्यंत तिच्या टेबलावर आला.

घरी तिने पहिल्यांदा सगळी कपाटं लावली. मग लावलेली कपाटं उपसली. बाबांचा फोन आला, तो तिने मोठ्या आवाजावर ठेवला आणि कांदा चिरत राहिली.

"अगं, कशाला त्यांच्या नादी लागतेस? चार यंत्रं वगळली तर तुझं काय जातंय?"

"दादा, कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कोणाची करायची?"

"ते ठीक आहे गं. पण तुझी तब्येत..."

"बघ, तूसुद्धा."

फोन बंद झाला. कांदा चिरून झाला होता तरी सुरी हातात होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "खरं सांगू? कधीकधी मलाच वाटतं, खरंच डोकं फिरलंय का माझं. शहाणी बाई एवढ्यावर नोकरी पणाला लावेल?"

मी तिच्या हातातली सुरी घेतली आणि भांडी घासायला लागले.

महिन्याची भेट त्याच आठवड्यात होती. ती मागच्या जिन्याने गेली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा मोकळा होता. डॉक्टरांना तिने सरळ विचारलं होतं, मला हल्ली फार राग येतो, हे लक्षण आहे का?

डॉक्टर म्हणाले होते, "तुम्ही भरती झालात तेव्हा तुम्हाला कशाचाच राग येत नव्हता. कुणी तुमच्या ताटातलं उचलून नेलं तरी तुम्ही बघत बसायचात. मी घाबरलो होतो तेव्हा. आता बरं चाललंय." आणि थांबून, "साहेबांचा फोन येऊन गेला. मी सांगितलं, माझ्या पेशंटविषयी मी पेशंटशीच बोलतो."

डॉक्टरांनी लिहून दिलं की ही बाई कामाला ठणठणीत आहे. रजा अर्धवट टाकून ती परत तळघरात हजर झाली.

कंपनीचा माणूस तिला पाहून उभाच राहिला. "सॉरी मॅडम. खरंच सॉरी. साहेबांनी मला बसवून करून घेतलं." तिच्या माघारी ती यंत्रं वगळली गेली होती. तिथून काहीही उघडलं तरी चहाडखोर डोळे मिटून घेणार होता.

संध्याकाळी घरी तिच्याकडून ते ऐकून मी म्हटलं, "मग तू काढून टाक ना. तुला येतं."

"येतं. एक ओळ पुसायची, बस. चहा निवायच्या आत होईल."

"मग?"

"कुणी बघत नसताना गुपचूप बदल करायचा, हेच तर बंद करायला निघालेय मी. आणि मीच तसं करू?" तिने कप उचलला. "जे बोलायचं ते सगळ्यांसमोर. तपासणीच्या दिवशी."

तिने साहेबांना तसं सांगितलंसुद्धा. सॉफ्टवेअर मी दाखवेन, पण विचारलं तर खरं सांगेन. साहेब हसून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कोण विचारतंय?"

तपासणीच्या दिवशी काय झालं ते मला मेट्रनने सांगितलं. आत्याला विचारलं तर ती फक्त शेवटचं एक वाक्य सांगते आणि हसत सुटते.

सभागृह भरलेलं होतं. पहिल्या रांगेत विश्वस्त आणि सर्जन, मागे वॉर्डांतले, अगदी मागे भिंतीला टेकून औषधखिडकीवाला. तपासणीला तिघं आले होते. त्यांच्या प्रमुख एक करड्या केसांच्या बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. मोठ्या पडद्यावर मधल्या यंत्राचं पान उघडलेलं. आत्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"एखादी फाइल उघडून दाखवा," तपासणीच्या बाई म्हणाल्या. "पण खऱ्या रुग्णाची उघडायची तर त्याची परवानगी लागेल."

"आहे परवानगी," आत्या म्हणाली. "रुग्ण मीच आहे."

तिने टाइप केलं. बाजूच्या पडद्यावर तिची फाइल उघडली. वर तिचं नाव, खाली विभाग मानसोपचार, त्याखाली भरतीची तारीख, झोप नाही, भूक नाही, गोळीचं ते लांबलचक नाव. मेट्रन म्हणाली, त्या खोलीतल्या बहुतेकांना त्यातला शब्द न् शब्द माहीत होता, आणि तरी सगळ्यांनी माना खाली घातल्या. फक्त आत्या वर बघत होती. तिने ते गोळीचं नाव मोठ्याने, एकदाही न अडखळता वाचून दाखवलं.

"आणि ही बघा नोंद," ती म्हणाली. मोठ्या पडद्यावर ओळ पडली होती. तिचं नाव, वेळ, संगणक, फाइल.

"उत्तम," बाई म्हणाल्या. "आता दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या यंत्रावरून."

आत्या मेट्रनकडे वळणार, तोच साहेब उठले. नेतृत्व दाखवायची अशी संधी त्यांनी आयुष्यात सोडली नव्हती. "मीच दाखवतो," ते म्हणाले. "प्रमुखापासून सुरुवात व्हायला हवी, काय?" पहिल्या रांगेतून कौतुकाचं हसू आलं. त्यांनी आपल्या खोलीतून आणलेला लॅपटॉप पुढे ओढला, आत्याची तीच फाइल उघडली आणि ऐटीत मोठ्या पडद्याकडे हात केला.

पडद्यावर काहीच आलं नाही.

त्यांनी फाइल बंद करून परत उघडली. काही नाही. परत उघडली. ते आता आत्याच्या फाइलमध्ये आत-बाहेर करत होते आणि मोठ्या पडद्यावर आत्याची एकटीची ओळ तशीच होती. कंपनीचा माणूस डोळे मिटून ओठांतल्या ओठांत "सॉरी" म्हणत होता. आपल्यासाठी काय करून घेतलं होतं, ते साहेबांना त्या क्षणी आठवलं असावं, कारण त्यांचा हात हवेतच थांबला.

"चालत नाहीये का हे?" तपासणीच्या बाईंनी आत्याला विचारलं.

मेट्रन म्हणते, आत्या घाईने बोलली नाही. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाही बाई, अगदी व्यवस्थित चालतंय. साहेबांनी त्यांचं यंत्र वगळायला सांगितलं होतं, विश्वस्तांची खोली आणि दोन सर्जनचीही. मी नाही म्हटलं तर मला रजेवर पाठवलं आणि कंपनीकडून करून घेतलं. हे त्याचंच प्रात्यक्षिक. चोख काम आहे."

मागच्या भिंतीपाशी कुणीतरी हसलं. नर्सपैकी असावं. मग दुसरं कुणी. मग ते हसू पुढे सरकत सरकत पहिल्या रांगेपर्यंत आलं आणि तिथे अडलं.

साहेब म्हणाले, "त्यांची तब्येत जरा..." आणि त्यांची नजर पडद्यावर गेली. तब्येत तिथे उघडीच होती, सगळ्यांसमोर, गोळीच्या नावासकट. तिच्याविषयी हळू आवाजात सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. वाक्य त्यांनी तसंच सोडलं.

तपासणीच्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं आणि चहा नको म्हणाल्या.

वगळलेली यंत्रं त्याच आठवड्यात नोंदीखाली आली. साहेबांच्या सहीच्या आदेशाने, कंपनीच्या माणसाच्या हातून, आत्याच्या समोर. त्यानंतर दुसरा आदेश आला. नेटवर्कचा विस्तार करायचा असल्यामुळे मॅडमची नेमणूक शहराच्या टोकाच्या शाखा दवाखान्यात करण्यात येत आहे. तिथे दोन खोल्या, दोन नर्स, एक डॉक्टर, आणि पाठीमागच्या गोदामात एक जुनाट सर्व्हर.

बाबा म्हणाले, "झालं समाधान? मिळाली शिक्षा."

"शिक्षा कसली? तिथेही डेटाबेस आहे."

पहिल्याच दिवशी ती बसमधून मांडीवर स्क्रूड्रायव्हरची पर्स घेऊन गेली आणि तिने तिथे चहाडखोर बसवला. तिथला डॉक्टर कुरकुरला, इथे कशाला, इथे आम्ही तिघंच तर आहोत. आत्या म्हणाली, मग नावं वाचायलाही सोपी. आता रोज शाखेतल्या नोंदी मधल्या यंत्रात जाऊन पडतात आणि मेट्रन त्या वाचते, साहेबांच्या नोंदींसकट. साहेबांनी एकदा मेट्रनला समजुतीने विचारलं म्हणे, रोज वाचता की काय? मेट्रन म्हणाली, झोपायच्या आधी, गोष्टीच्या पुस्तकासारख्या.

तळघरात हल्ली एक नवी मुलगी बसते. तिला आत्या फोनवरून शिकवते. परवा ती मुलगी घाबरून विचारत होती, अमक्या साहेबांनी असं असं करायला सांगितलंय, काय करू? आत्या म्हणाली, "लेखी मागून घे. हसले तर तूही हस. पण लेखी माग."

महिन्याच्या भेटीसाठी आत्याला अजून मोठ्या हॉस्पिटलातच यावं लागतं. गेल्या वेळी मी बरोबर होते. बसमधून उतरल्यावर मी सवयीने लाँड्रीच्या बाजूला, मागच्या जिन्याकडे वळले. ती वळली नाही. पुढच्या मोठ्या दारातून आत शिरली, औषधखिडकीवरून गेली, जाताना त्या माणसाला म्हणाली, "लागते हो झोप, छान लागते," आणि नावनोंदणीच्या रांगेत उभी राहिली. रांग मोठी होती. मागेपुढे ओळखीचे लोक होते.

खिडकीवरच्या मुलीने मान वर केली. "मॅडम! काही बंद पडलंय का?"

"काही नाही गं. मानसोपचार. माझी नेहमीची वेळ आहे."

ती ते इतक्या मोठ्याने म्हणाली की मागचा माणूस पुढे झुकायचा थांबला. त्याला आता झुकायची गरज उरली नव्हती. मुलीने हजेरीचं कार्ड टेकवलं आणि फाइल उघडली. आत्याने पलीकडच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पडली बघ तुझ्या नावाची ओळ," ती त्या मुलीला म्हणाली. "घाबरू नकोस. तुझं कामच आहे ते."

आणि ती जिना चढू लागली. पुढचा, रुंद, सगळ्यांचा जिना; तिसऱ्या मजल्यापर्यंत, चष्मा कपाळावर.